पारगडच्या भवानीची ज्योत गावात कशी आणायची, बेळगाव भागातल्या मंडळांसाठी

पितृपक्ष लागला की मला फोन यायला सुरू होतात. दादा आमच्या मंडळाचं यंदा पहिलंच वर्ष, पारगडावरनं ज्योत आणायचं ठरलंय, काय काय लागतंय सांगा की. मी एकेकाला अर्धा अर्धा तास सांगत बसतो तरी निम्मं राहतंच, म्हणून यंदा सगळं एकदाच लिहून काढतोय. आमचं गाव बेळगाव तालुक्यातलं, पश्चिमेकडचं, आणि आम्ही गेली चौदा वर्षं नवरात्राला पारगडावरनं ज्योत आणतोय. त्यातली पहिली चार वर्षं शिकण्यातच गेली, ते खाली येईलच.

पहिलं म्हणजे गड कुठला आणि आई कुठली हे पोरांना माहीत पाहिजे. टीशर्ट छापायला टाकायच्या आधी एक दिवस सगळ्यांना देवळात बसवा आणि सांगा. पारगड आहे चंदगड तालुक्यात, जिल्हा कोल्हापूर, पण आम्हा बेळगावकडच्या गावांना कोल्हापूर शहरापेक्षा पारगड कितीतरी जवळ. शिवाजी महाराजांनी १६७६ च्या सुमारास हा गड वसवला, सह्याद्रीच्या अगदी कडेला, खाली कोकण, पलीकडं गोवा म्हणजे तेव्हाचे पोर्तुगीज, त्यांच्यावर नजर ठेवायला. स्वराज्याच्या पार टोकाचा गड म्हणून पारगड असं सांगतात. तानाजी मालुसरे सिंहगडावर पडले १६७० साली, त्यांच्या मुलाला, रायबाला, महाराजांनी इथली किल्लेदारी दिली. आणि महाराजांनी त्या मावळ्यांना सांगितलं की चंद्र सूर्य आहेत तोवर गड जागता ठेवा, ही गोष्ट गडावर आजही तुम्हाला कोणीही सांगेल. त्यांनी तो ठेवलाय. मालुसरे, शेलार अशी घरं आजही वर राहतात, तुळशीपुढं दिवा लागतो, कोंबडं आरवतंय, चुलीचा धूर निघतोय. बाकीच्या गडांवर तुम्ही पडके चौथरे बघता, इथं माणसं आहेत.

आणि मधोमध आई भवानी. महाराजांनी प्रतापगडावर १६६१ साली भवानीची स्थापना केली, कारण तुळजापूरला जाणं त्या दिवसांत सोपं नव्हतं, आणि पारगडची आई त्याच रूपातली, महिषासुराला मारणारी, काळ्या दगडाची. देवळाचा जीर्णोद्धार झालाय पण गाभाऱ्यात शिरलं की थंडगार असतंय आणि तेलाचा वास असतोय. ज्योत त्या दिव्यावरनं घ्यायची. म्हणून मी म्हणतो की ज्योत आणणं म्हणजे कुणाच्या तरी घरातनं विस्तव मागून आणणं, पूर्वी आमच्या आज्या शेजारणीकडनं गोवरीवर विस्तव आणायच्या तसं. मागायला गेल्यावर जसं वागायचं तसं वागायचं. एवढं पोरांच्या डोक्यात बसलं की बाकी अर्धं काम आपोआप होतंय.

आता एक स्पष्ट सांगतो, ज्या मंडळात दहा बारा पोरंच आहेत त्यांनी पहिल्याच वर्षी पारगडचा हट्ट धरू नये. बेळगावच्या भुईकोट किल्ल्यात शिरतानाच दुर्गादेवीचं देऊळ आहे, शेजारी गणपती. हा किल्लाही जुनाच, आतल्या कमल बस्तीचं काम १२०४ चं, रट्ट राजांच्या काळातलं. बेळगाव बसस्टँडपासनं चालत जाण्यासारखं आहे. तिथनं ज्योत घेऊन गावात आला तरी आईच येते. फक्त तो भाग मिलिटरीचा आहे, तिथं घोषणा, फोटो, गाड्या उभ्या करणं, सगळं सांगतील तसं ऐकायचं. एक दोन वर्षं तिथनं आणा, हात बसू दे, मग पारगड.

कधी निघायचं

यावर दरवर्षी भांडणं होतात. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सर्वपित्री अवस असते. पूर्वी आम्ही अवसेच्या रात्री गडावर ज्योत पेटवून रात्रभर पळत पहाटे गावात यायचो. आमच्यातली जुनी माणसं म्हणायची, अवसेला ज्योत पेटवू नका रे पोरांनो, प्रतिपदा लागू दे. आम्ही ऐकलं नाही, कारण रात्री पळायला गार वाटतं आणि ट्रॅफिक नसतं.

चौथ्या वर्षी काय झालं ते सांगतो. रात्री आठला ज्योत घेऊन पायऱ्या उतरलो, गडाखालचं मिरवेल गाव मागं टाकलं आणि पाऊस सुरू झाला. चंदगडचा पाऊस माहीत आहे ना, नवरात्र आलं तरी जात नाही. पुढं रस्त्यावर गवे, दोन मोठे आणि मागं एक लहान, अवसेचा अंधार, चंद्राचा प्रश्नच नाही, गाडीच्या लाईटमधे नुसते डोळे चमकायचे. इंजिन बंद करून पाऊण तास तसेच उभे, कोणी शिंकायचं पण नाही. तेवढ्यात मशाल विझली. म्हटलं असू दे, गाडीत कंदील आहे की, त्यावरनं परत पेटवू. बघतो तर कंदिलाची काच काळीकुट्ट आणि आत वात विझलेली, तेल संपलेलं, कधी संपलं कोणालाच माहीत नाही कारण कंदील बघायचं काम कोणाला दिलंच नव्हतं. एका पोरानं खिशातनं लायटर काढला. आमच्यातल्या एका काकांनी त्याचा हात धरला, एक शब्द बोलले नाहीत, नुसता हात धरून ठेवला.

गवे गेल्यावर दोघं जण जीप घेऊन परत गडावर गेले, मी त्यातला एक. रात्रीचे अकरा वाजले असतील. देवळाजवळच्या एका घरात म्हातारी आजी जागी होती, आम्ही भिजलेले, बोलायला शब्द फुटेना. तिनं बघितलं आणि तिला कळलं. म्हणाली, "घाबरू नकासा, आईचा दिवा हाय न्हवं, परत घ्या की." पुजाऱ्यांना तिनंच हाक मारून उठवलं. आणि स्वतःच्या घरातला कंदील पुसून, तेल भरून आमच्या हातात दिला, आमचा काळा झालेला तिकडंच ठेवून घेतला.

त्या वर्षापासनं आम्ही वेळ बदलली आणि आजतागायत तीच ठेवलीय. अवसेच्या दुपारी घरोघरी पानं वाढून झाली, कावळ्याला घास ठेवून झाला, जेवणं झाली की तीनच्या आत गाव सोडायचं. दिवस मावळायच्या आत गडावर. रात्री वर मुक्काम. पहाटे प्रतिपदेला आंघोळ, पूजा, आरती आणि उजाडताना ज्योत. घरचे घट सकाळी बसतात ते बायकामंडळी बसवतातच, मंडळाची देवी संध्याकाळी बसते, तोपर्यंत ज्योत गावात. जुन्या माणसांचं ऐकल्यासारखं होतंय आणि जंगल दिवसाउजेडी पार होतंय. मोटणवाडी ते पारगड हा पट्टा जंगलाचाच आहे, गवे तर आहेतच, तिलारीकडनं हत्ती पण या बाजूला येतात, बांधावरची केळी माड मोडून जातात. तुमच्याकडं कितीही दमदार पोरं असू देत, या पट्ट्यात रात्री पळू नका. इथं फटाके नाहीत, स्पीकर नाही. दिवसा सुद्धा गडावरच्या किंवा मिरवेलच्या माणसांना विचारून निघायचं की काल परवा हत्ती कुठं दिसलाय, त्यांना बरोबर माहीत असतं.

रस्ता

बेळगावहनं वेंगुर्ला रोडनं हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची. बाची संपली की कर्नाटक संपतंय, शिनोळीला महाराष्ट्र सुरू, बोर्डावरची अक्षरं बदलतात, बोलणं तेच राहतंय. पुढं पाटणे फाटा, तिथनं तिलारीच्या रस्त्याला लागून मोटणवाडी, मग इसापूर, मिरवेल आणि गड. येताना हाच रस्ता उलटा. तुमचं गाव कुठं आहे त्यावर पन्नास साठ किलोमीटरच्या आसपास पळणं होतंय. गाडीचा रस्ता वरपर्यंत आहे पण ज्योत आम्ही पायऱ्यांनीच उतरवतो, साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत, पावसानं शेवाळ धरलेल्या. ज्योतीच्या पुढं एक आणि मागं एक माणूस, पळायचं नाही, एकेक पाय टेकवत उतरायचं. घोषणा खाली आल्यावर मनसोक्त द्या.

परवानगी आणि गाड्या

हे काम कंटाळवाणं आहे म्हणून पोरं टाळतात आणि मग नाक्यावर अडकतात. आठ दिवस आधी आपल्या भागातल्या पोलीस स्टेशनला अर्ज द्या, तारीख, रस्ता, गाड्यांचे नंबर, जबाबदार पाच माणसांची नावं आणि फोन. अर्ज मराठीत लिहिलात तर सोबत कन्नड प्रत जोडा, काम लवकर होतंय, गावात कन्नड शाळेत शिकलेला एखादा पोरगा असतोच त्याच्याकडनं लिहून घ्या. चंदगड बाजूच्या पोलिसांना पण एक प्रत. शिक्का मारलेली कॉपी पुढच्या गाडीत ठेवायची, घरात कपाटात नाही.

गाड्या तीन पुरे झाल्या. पोरांना बसायला एक मिनीबस किंवा दोन ट्रॅक्स, सामानाला एक पिकअप, आणि एक मोटारसायकल पुढं जाऊन रस्ता बघायला. पिकअपच्या हौद्यात पोरं भरून उभी करायची नाहीत, मी हे दरवर्षी ओरडून सांगतो. मालवाहू गाडीत माणसं नेणं कायद्यानं चूक आहेच, पण वळणावर एक पोरगं खाली पडलं तर त्याच्या आईला काय तोंड दाखवणार.

मशाल

इथं जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्या चुका इथंच होतात.

मशालीची वाटी लोखंडी, तळहाताएवढी रुंद, खाली पोकळ नळी आणि नळीत हातभर लाकडी दांडा. पूर्ण लोखंडी दांडा करू नका, अर्ध्या तासात हातात धरवत नाही. वाटीच्या खाली, हाताच्या वर, एक पत्र्याची ताटली वेल्डिंग करून घ्या. लोहाराला सांगितलं की कळतंय, तुपाच्या निरांजनाखाली कशी बशी असते तशी. ही ताटली नसेल तर पळताना तेल दांड्यावरनं उतरून मनगटावर येतंय, पेटतं तेल. आमच्या एका पोराच्या मनगटावर त्याचा डाग अजून आहे. अशा दोन मशाली करून घ्या, एक हातात एक गाडीत.

काकडा, म्हणजे वाटीत पेटवायची कापडाची गुंडाळी, सुती पाहिजे, जुनं धोतर, जुना पंचा, आजीचं सुती लुगडं असेल तर सगळ्यात भारी. दुकानातलं मिक्स कापड घेतलं तर ते वितळतंय आणि पेटते थेंब खाली गळतात. तीन बोटं रुंद पट्ट्या फाडायच्या, आदल्या रात्री तेलात बुडवून ठेवायच्या, सकाळी पिळून घट्ट गुंडाळायच्या आणि वरनं बायंडिंगच्या तारेचे चार वेढे. घट्ट म्हणजे इतका घट्ट की अंगठा दाबला तर आत जाऊ नये. सैल गुंडाळला तर दहा मिनिटांत पोकळ जळून जातोय, घट्ट असला तर अर्धा पाऊण तास चालतोय. पंधरा वीस काकडे गुंडाळूनच घेऊन जा, एका स्टीलच्या डब्यात, झाकण लावून. नवा काकडा दुसऱ्या मशालीत बसवायचा, जुन्या जळत्यावरनं पेटवायचा, तो नीट धरला की मगच जुना बाजूला घ्यायचा आणि पाण्याच्या बादलीत विझवायचा, रस्त्याकडच्या गवतात टाकायचा नाही.

तेल गोडं, शेंगदाण्याचं किंवा तिळाचं, दहा बारा लिटर धरा. रॉकेल, डिझेल, पेट्रोल काही नको. एक तर देवीचं काम, आणि दुसरं म्हणजे त्याचा भडका होतोय आणि धूर पळणाऱ्याच्या नाकात जातोय. गोंधळ्यांकडं दिवटी आणि बुधली असते बघा, दिवटी म्हणजे हातातली ज्योत आणि बुधली म्हणजे तेलाचं भांडं, त्यांचं बघून शिका, ते बुधलीतनं धार किती बारीक सोडतात. आपल्याकडं बुधली नसली तर लांब तोटीची किटली घ्या. पळता पळता तेल घालायचं नाही. थांबायचं, मशाल जरा तिरकी धरायची, आणि एकाच ठरवलेल्या माणसानं घालायचं. आमच्याकडं एक मेस्त्री आहेत, चौदा वर्षं तेच तेल घालतात, दुसऱ्या कोणाला किटलीला हात लावू देत नाहीत, आणि बरोबर आहे त्यांचं.

कंदील दोन. गाभाऱ्यातल्या दिव्यावरनं मशाल पेटवली की लगेच दोन्ही कंदील त्याच ज्योतीवरनं लावायचे. एक पुढच्या गाडीत, एक मागच्या गाडीत, आणि प्रत्येक कंदिलाला एक माणूस, त्याला दुसरं कुठलंच काम नाही, पळायचं पण नाही. दर अर्ध्या तासाला काच पुसायची, तेल बघायचं. पोरं म्हणतात हे बसून राहायचं काम कोण करणार, मी म्हणतो हेच मोठं काम आहे, पळणारे चाळीस असतात, कंदीलवाले दोनच. आम्ही हे काम गुडघे दुखणाऱ्या काकांना देतो, ते इतक्या मनापासनं करतात की रस्ताभर मांडीवरनं कंदील खाली ठेवत नाहीत. गाडी हलते म्हणून कंदिलाखाली वाळूचं घमेलं ठेवा, आणि खिडकी थोडी उघडी.

पाऊस असेल तर मशालीवर छत्री धरून पळणं जमत नाही, वाऱ्यानं छत्रीच पेट घेते. आम्ही पत्र्याची टोपी करून घेतलीय, शेतातल्या इरल्यासारखी, तीन सळ्यांवर उभी राहणारी, बाजूनं मोकळी. जोराचा पाऊस आला तर टोपी लावून चालत जायचं. त्याहून जोराचा आला तर मशाल झाडाखाली थांबवायची. उशीर झाला तर झाला.

गडावरचा मुक्काम

पंधरा दिवस आधी दोघांनी जाऊन गडावर भेटून यायचं. पुजाऱ्यांना, शेजारच्या घरांना सांगायचं की आम्ही अमुक दिवशी एवढी माणसं येणार. नवरात्रात त्यांचीही घाई असते, मुंबई पुण्याकडं कामाला असलेली त्यांची माणसं सणाला घरी येतात, त्यात तुम्ही चाळीस जण अचानक उभे राहिलात तर कसं होईल. जेवणाचा शिधा आपण न्यायचा, तांदूळ, डाळ, गूळ, चहापत्ती, पिण्याच्या पाण्याचे कॅन. घरच्या बायकांनी भाकऱ्या करून दिल्या तर पैसे द्यायचे, त्या नको म्हणतील, तरी देवीपुढं ठेवून यायचे. रात्री डान्स नाही, दारूचं तर नावच नको, एखाद्यानं आणलेली सापडली तर त्याला सकाळच्या पळण्यात घेऊ नका. प्लास्टिकच्या पत्रावळ्या नकोत, निघताना झाडून निघायचं.

संध्याकाळी वेळ असेल तर पोरांना गड फिरवा. पायऱ्या चढून आल्यावर मारुती आणि तोफा, पुढं शाळेजवळ महाराजांचा पुतळा, गडावरचे तलाव, आणि पश्चिमेच्या कडेवर जाऊन उभं राहायचं. खाली कोकण पसरलेलं दिसतंय, दिवस मावळताना ढग खालनं वर येतात. माझी भाची पहिल्यांदा आली तेव्हा ती त्या कडेवरनं हलेना, म्हणाली मामा, रायबा इथं उभा राहून बघत असेल ना. तेव्हा ती नववीत होती. आता दरवर्षी पळते. मुलींना घ्या बरोबर, आईची ज्योत आहे, आणि आमच्याकडं मुली आल्यापासनं शिस्त वाढलीय हे मी लिहून देतो.

पहाटेचं सामान आदल्या रात्रीच एका ताटात काढून ठेवा. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, विड्याची पानं, हळदकुंकू, बांगड्या, वेणी, जमली तर साडी. ओटी गावातल्या एखाद्या जोडप्याच्या हातनं भरायची, आमच्याकडं दरवर्षी नवीन लग्न झालेलं जोडपं नेतात. आरती, जोगवा, मग पुजारी दिव्यावरनं काकडा पेटवून देतात. आत गाभाऱ्यात गर्दी नको, मशाल बाहेर मंडपात धरून उभं राहायचं. "आई भवानीचा उदो उदो" म्हटलं की चाळीस जणांचा आवाज दगडावर आपटून परत येतो, दरवर्षी अंगावर काटा येतोय, चौदा वर्षं झाली तरी.

पळायचं कसं

एकानं फार पळायचं नाही. आम्ही विजेचे खांब मोजतो, सहा खांब एकाचे, म्हणजे तीनशे मीटरच्या आसपास. जंगलात खांब नसतात तिथं शिट्टी. पाच जणांची एक तुकडी गाडीतनं उतरते, आपापसात बदलत दोन अडीच किलोमीटर काढते, मग पुढची तुकडी. मशाल देताना थांबून द्यायची, घेणाऱ्यानं दोन्ही हातांनी घ्यायची, कपाळाला हात लावून. पळताना हात ताठ वर धरला की दोन मिनिटांत खांदा भरून येतोय, कोपर बरगडीला टेकवायचं आणि मशाल जरा पुढं, वारा समोरनं असेल तर तिरकी. केस लांब असतील तर बांधा, नायलॉनचा टीशर्ट घालू नका, सुती घाला, खांद्यावरच्या भगव्या उपरण्याचं टोक आत खोचा.

अनवाणी पळायचं की बूट घालून यावर पण वाद होतात. ज्यानं नवस केलाय, उपवास धरलाय त्यानं अनवाणी पळावं, इतरांवर जबरदस्ती नको. मशाल हातात असताना चप्पल नको एवढाच आमचा नियम, कॅनव्हास किंवा मोजे चालतात. डांबरी रस्ता अकरानंतर तापतोय, पुढची मोटारसायकल पाण्याचा कॅन घेऊन असते.

उजाडताना निघालं की साधारण नऊला मोटणवाडी, अकरा साडेअकराला पाटणे फाटा. तिथं आम्ही दोन तास थांबतो, सावलीत, मशाल जळती ठेवून. उपवासवाल्यांना केळी, शेंगदाणे लाडू, ताक, बाकीच्यांना पुलाव. या वेळी ज्योतीजवळ आळीपाळीनं दोघं बसलेलेच पाहिजेत, सगळे जेवायला गेले असं होऊ देऊ नका. पाटणे फाट्यापासनं पुढं रस्ता मोठा आणि वाहनं जास्त, शिनोळीला एमआयडीसीचे ट्रक असतात. रस्त्याच्या डाव्या कडेनंच, मागं गाडी ब्लिंकर लावून, आणि एक जण लाल झेंडा घेऊन. ॲम्ब्युलन्स आली तर पूर्ण रस्ता मोकळा, मशाल खाली शेतात उतरवायची.

वाटेतल्या गावांत बायका घागर घेऊन उभ्या असतात, पळणाऱ्याच्या पायावर पाणी घालतात, ज्योतीत तेल घालतात. त्यांना नाही म्हणायचं नाही. मात्र तेल मेस्त्रींच्या किटलीत ओतून घ्यायचं, थेट मशालीत नको. बाचीत एक आजी दरवर्षी वाटीभर तेल घेऊन उभी असते, एका वर्षी आम्हाला यायला अंधार पडला तर ती तशीच बसून होती, वाटीवर पदर धरून.

गावात आल्यावर

वेशीवर आधी फोन करून सांगायचं म्हणजे हलगी, लेझीम तयार राहतंय. भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, मग ज्योत आधी ग्रामदैवताकडं, नंतर मंडपात. मशालीवरनं मोठ्या समईत ज्योत घ्यायची आणि मशाल शांत करायची. गावातल्या कुणाला घरच्या घटासाठी ज्योत पाहिजे असेल तर निरांजन घेऊन यायला सांगा, पहिल्या वर्षी चार घरं आली, आता निम्मं गाव येतंय.

नऊ दिवस अखंड दिवा ठेवायचा तर दिवसरात्र पाळी लावा, कागदावर लिहून मंडपात चिकटवा. रात्री दोन ते पाच ही पाळी कोणी घेत नाही, ती मोठ्या माणसांनी घ्यायची. वात बदलताना आधी दुसरी वात शेजारी लावून मगच पहिली काढायची. जाड वात, खोल समई, वर काचेची हंडी, आणि उंदरांचा बंदोबस्त, कारण तुपातेलाची वात उंदीर ओढून नेतात, हे झालंय आमच्याकडं. पहाटे बेळगावात दुर्गामाता दौडीला जाणारी पोरं सुद्धा आधी दिव्याला तेल घालूनच जातात.

दसऱ्याला सोनं लुटून झालं, देवी हलवली की कंदील, मशाली धुऊन पुसून ठेवा, लोखंडाला तेलाचा हात द्या, नाहीतर पुढच्या वर्षी गंज. आणि दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी दोघा तिघांनी परत गडावर जायचं. नारळ, गावच्या देवीचा प्रसाद, आपट्याची पानं, आणि उरलेलं तेल देवळात द्यायला. ज्यांच्या अंगणात झोपलात, ज्यांच्या चुलीवर चहा केलात त्यांना भेटून यायचं. त्या चौथ्या वर्षी आम्ही असेच गेलो होतो, आजीचा कंदील परत द्यायला. तिनं घेतला, काच उन्हाकडं धरून बघितली, पदरानं परत एकदा पुसली आणि खुंटीला अडकवला. मग आत जाऊन आमचा कंदील घेऊन आली. घासून लख्ख केलेला, आत नवी वात घातलेली.